अंशतः खरे आहे

पूर्वी फॅक्स यायचा, आता व्हॉट्सॲपवर येतो.
"एलएक्यू आहे. अतारांकित. आज पाचपर्यंत उत्तर."
खाली इंगवले साहेबांची दोन लाल उद्गारचिन्हं.
नागाळा पार्कात माझा पाव अजून कटात बुडालेला.

(१) मौजे हुंबेवाडी, ता. राधानगरी येथील
ओढ्यावरील साकव गतवर्षीच्या पुरात
वाहून गेला, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, शाळेतील मुलांना
पाण्यातून जावे लागते, हे खरे आहे काय;
(३) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली
वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रश्नचिन्ह येईपर्यंत वाचणारा दमतो.
मी शिकलगारची गाडी घेतली
आणि भोगावतीच्या कडेनं
उसाच्या ट्रॉल्या चुकवत निघालो,
खरे आहे काय ते बघायला.

आक्काताई डवर पाण्यातच भेटल्या.
ओचा वर खोचलेला, नातू कडेवर,
त्याचं दप्तर डोक्यावर.
"फोटू काढतासा? थांबा,
ह्याला पल्याड टाकून येतो."

आल्या. पदरानं पाय पुसले.
"कुणी इचारलं म्हनं?"
आमदारांनी.
"कुणाला?"
मंत्र्यांना.
"मग तुमी कशाला आलासा?"
उत्तर लिहायला.
"बरं. आनि मंत्री काय करनार?"
सही.
"आनि आमदार?"
वाचतील.
बराच वेळ ओढ्याकडं बघत राहिल्या.
"म्हंजे पानी तेवढं आमचं."

पाचला सात मिनिटं कमी असताना
मी बांधावर बसून टाईप केलं:
(१) होय.
(२) होय.
(३) अंदाजपत्रक तीन वेळा सादर केले आहे.
(४) कारणे या कार्यालयास ज्ञात नाहीत.
रेंज नव्हती. मोबाईल उंच धरला,
पोरं बघून हसली.

मग माझं उत्तर चढत गेलं.
उपविभागात कुणाला तरी आठवलं
की दोन खांब अजून उभे आहेत.
'होय' गेलं, 'हे अंशतः खरे आहे' आलं.
पुण्यात मुलं पाण्याबाहेर आली,
"पर्यायी मार्गाचा अवलंब करतात" झाली.
मुंबईत पोचेपर्यंत चौथ्याचं काय राहिलं?
(४) प्रश्न उद्भवत नाही.

पाणीपुरवठ्यात काढलेली माझी अकरा वर्षं.
तिथं उद्भव म्हणजे झरा, विहीर, नदीची डोहाची जागा.
उद्भव कोरडा पडला की टँकरचा प्रस्ताव करायचा.
प्रश्नाचा उद्भव कुठं असतो
हे कुठल्या परिपत्रकात नाही.
पण मी त्या दिवशी त्यात
पायताण भिजवून आलो होतो.

नागपूरचं अधिवेशन झालं, मुंबईचंही झालं.
छापील उत्तर माझ्या टेबलावर जूनअखेर आलं,
पिवळट कागद, मंत्र्यांचं नाव ठळक,
माझं कुठंच नाही, ते बरंच.
साहेब म्हणाले, फाईलला लावा.
झेरॉक्स लावली. मूळ प्रत खिशात घातली
आणि रविवारी हुंबेवाडीला गेलो,
का गेलो, याची कारणे या कार्यालयास ज्ञात नाहीत.

नातू आता दुसरीत. त्यानं कागद हातात घेतला,
बोट ठेवून वाचायला लागला.
मौजे जमलं. साकव जमलं.
विसर्गापाशी अडला:
"अं… श… त… ह्या दोन टिकल्या कशाच्या?"
मी विसर्ग सांगितला.
"आनि अंशतः म्हंजे?"

मी शब्द शोधत होतो.
आक्काताईंनी वाकून
तळहाताची कड गुडघ्याला लावली.
"गेल्या साली हितपातूर,"
मग हात वर सरकवला मांडीवर,
"औंदा हितपातूर."

पलीकडं शाळेची घंटा झाली.
रविवारची कसली घंटा, मी विचारलं.
वारा हाय, म्हणाल्या, वाजतीया आपली.

मी बूट काढून हातात घेतले.