नव्याचे नऊ

मी नवं कापड जुनं करते.
कुणी धंदा विचारला तर एवढंच सांगते,
आणि लोक हसतात.
हे काम तर दिवस फुकटात करतात.

ओमारूच्या बंदरावर, लोकरीच्या जुन्या गोदामात
आठ वर्षं. तीन सिनेमे.
हाताशी खिसणी, तारेचा ब्रश, मेण, कोरा चहा,
आणि तिपेने नदीकाठून बादल्या भरून आणायचा ती माती.
मोराग प्रत्येक बादलीवर खडूने डोंगराचं नाव लिहायची.
जगाच्या नकाशावर नसलेले डोंगर
आमच्याकडे झाकण लावून ठेवलेले असत.

नावाड्याच्या मुलाचा डगला,
रंग ओल्या शेवाळाचा.
गोष्टीत डगला एकच. आम्ही शिवले नऊ.
पहिला, आईने नुकताच खांद्यावर घातलेला.
दुसऱ्यावर फक्त एका रात्रीचं दव.
पाचव्याची उजवी बाही जळकी, कारण पूल पेटतो.
सातव्यावर मित्राचं रक्त.
साखरेचा पाक आणि कॉफी होती ती,
तरी त्या टेबलावर आम्ही कधी डबा उघडला नाही.
नवव्याचा मी महिनाभर छळ मांडला.
गाडीमागे बांधून खडीवरून ओढला,
मेंढ्यांच्या खाली अंथरला,
मग गळ्याशी, काखेत, कोपरावर,
माणूस खरोखर जिथे झिजतो तिथे
हळूहळू खिसला.

शूटिंग सगळं उलटसुलट.
सोमवारी तो थकून घरी परतायचा,
गुरुवारी घरून निघायचा.
मी वहीत बघून डगले काढून द्यायचे,
चार, आठ, दोन, सहा.

शेवटच्या दिवशी घेतला तो पहिला प्रसंग.
इस्त्रीचा, कोरा डगला मी त्याच्या खांद्यावर चढवला.
पोरगा तिशीला आला होता,
मेकअपवाल्यांनी पुन्हा एकोणीसचा केलेला.
"टोचतोय," तो म्हणाला.
नवं टोचतंच, म्हटलं. सवय होईल.
आणि लगेच जीभ चावली,
कारण त्याला तो फक्त दुपारपर्यंत घालायचा होता.

काल लागला शेवटचा भाग.
डिसेंबरचं ऊन, हॉलचे पंखे बंद,
सगळ्यांच्या हातात वितळणारं आइस्क्रीम,
आणि पडद्यावर बर्फ.
कागदाचा. मेंढ्यांनी खाल्ला होता, डॉक्टर बोलवावा लागला होता.
बुडालेली घंटा वाजली तेव्हा सगळं गाव रडलं.
मी रडले नाही. मी कोपरं बघत होते.

मग तो घरात येतो, डगला काढतो,
दारामागच्या खुंटीला अडकवतो.
चार सेकंद.
खुंटी, डगला, त्याच्या गळ्याशी माझी खिसणी.
तिथे मात्र माझं काही चालेना.
शेजारच्या बाईने रुमाल पुढे केला,
तिला वाटलं मला उशिरा कळतं.

नावं अकरा मिनिटं सरकत होती.
माझ्या नावात एक अक्षर कमी.
मोराग आली नव्हती. ती आता डनेडिनला पडदे विकते,
नवेच.
बाहेर तिपेने सांगत होता, ऑकलंडला काम निघालंय,
साबणाची जाहिरात.
"यायचं का? डाग तर लागतीलच ना, आधी."

रात्री किनाऱ्याच्या रस्त्याने चालत निघाले.
पेंग्विन समुद्रावरून परतत होते,
थांबत, ओरडत, गाड्यांना न जुमानता,
तोच रस्ता, रोजचा.
त्यांच्यासाठी उभी राहिले
तर वाऱ्याने स्वेटरची बाही फडफडली
आणि कोपराशी गार लागलं.
भोक. चांगलं, खरं, कडेने विरलेलं.
असं मला आठ वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.
कधी पडलं, कुठल्या प्रसंगात,
कितव्या डगल्याच्या वेळी,
वहीत नाही.

बोट घालून पाहिलं. आत मीच होते.
पेंग्विन गेले. मी तरी जरा वेळ
तिथेच.