डावीकडे वळताना

सरळ रस्त्यावर गाडी मुकी असायची.
तासगाव नाक्यावर डावीकडे घेतली की मात्र
पुढच्या चाकातून कट् कट् कट्,
कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्यासारखं.
मागच्या सीटवर दोनशे दहा पाकिटं भडंग,
पाचाची वेगळी, विसाची वेगळी.

आवटी गॅरेजवाला वाकला,
फाटका रबरी बूट बोटानं उचकटून दाखवला;
आतलं ग्रीस सगळं रिमवर उडालेलं.
"ॲक्सल गेला, वैनी. मजुरीसकट साडेसहा हजार."
साडेसहा हजाराचं भडंग किती होतं
ते मी तिथंच उभ्या उभ्या मोजलं
आणि गाडी तशीच कटकटत माधवनगरला आणली.

भंगारात मुजावरांच्या पोरानं
चार ॲक्सल पुढं टाकले, माझ्या तोंडाकडं बघत.
मी एकेकाचा सांधा फिरवून पाहिला,
कृष्णाकाठचं वांगं देठापाशी दाबून बघतात तसा.
तिसरा घेतला. अठराशे म्हणाला, चौदाशेला दिला.
तीस नंबरच्या सॉकेटचे साडेतीनशे.
त्यात मात्र रुपया सोडला नाही.

रविवारी बोळात, गाऊनवर ह्यांचा मिलचा शर्ट घालून
मी चाकापाशी बसले.
त्रिशला ब्रेक दाबून आत, मांडीवर भूगोल.
गंजलेली पिन पकडीनं तुकड्या-तुकड्यानं काढली.
नट हलेना.
पान्याला बोअरची जुनी पाइप अडकवली. हलेना.
"आई, पाय दुखायला लागला."
"दाब."
मग पाइपवर उभीच राहिले.
चौसष्ट किलो.
हे वजन कमी पडेल अशी भीती
आयुष्यात पहिल्यांदाच वाटली.

फाट्!
आण्णाप्पांचं कुत्रं गल्लीबाहेर,
मी गुडघ्यावर,
आणि रात्रपाळी करून झोपलेले हे
बनियनवर दारात.
"काय करालीस गं?"
"नट काढला."
बराच वेळ बघत राहिले.
"माझा शर्ट हाय न्हवं त्यो?"
मग बॅटरी घेऊन शेजारी बसले
आणि माझा हात नव्हता नेमका तिथं
उजेड पाडत राहिले.

चाक निघालं, खालचा सांधा सुटला,
पहारीनं उचकटला तसा ॲक्सल बाहेर आला
आणि त्याच्यामागून तेल.
तेलाचं मी विसरलेच होते.
हाताला लागली ती पापडाची परात सरकवली.
ती आता गाडीची.

जुना ॲक्सल मुसळापेक्षा जड.
पुसून आत बोट घातलं.
पोलादी गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे,
नखालाच कळतील एवढे.
एवढ्याशा खड्ड्यांचा एवढा आवाज.
त्रिशलालाही दाखवले. तिनं बोट घातलं,
काळं झालं म्हणून माझ्याच शर्टाला पुसलं,
म्हणजे ह्यांच्या.

दुसरा सुखासुखी बसला नाही.
दाते जुळेनात. शिव्या आल्या, गिळल्या, पोरगी होती.
एका बाजूनं कूस बदलल्यासारखा किंचित फिरला
आणि टक्.
तो टक् माझ्या खांद्यापर्यंत आला.
ह्यांनी बॅटरी बंद केली.
दुपारचा एक वाजला होता.

हिशेब वहीत मांडला.
ॲक्सल, सॉकेट, तेल, नवी पिन,
आण्णाप्पांच्या फुटलेल्या कुंडीचे साठ,
कारण जॅक काढताना गाडी जराशी सरली.
सोमवारी बोटं सुजली, फेरी चुकली,
तेही लिहिलं.
तरी चार हजाराच्या वर राहिले.
ह्यांनी आकडा दोनदा वाचला
आणि चहा स्वतः ठेवला.

संध्याकाळी नाक्यावर
स्टिअरिंग पूर्ण डावीकडं ओढलं, गोल फिरवलं.
काही नाही.
एवढं काही नाही
की दुसऱ्या फेरीत ते ऐकू आलं,
आजवर त्या कटकटीखाली झाकलेलं,
बारीक, पलीकडच्या बाजूनं:
कट्.

मी काही बोलले नाही.
त्रिशलाच म्हणाली,
"उजवीकडं पण तीस नंबरच लागतो का गं?"