मापं

खानापुरात स्टेशन रोडला, पिठाच्या गिरणीला लागून
आप्पांचं दुकान होतं, साडेसात फूट बाय सहा.
पाटीवर दोन ओळी: वरची सरकारनं सांगितलेली,
खालची आम्हांला वाचता येणारी.

त्या वर्षी काळ्या दिनाच्या मोर्चात
काकाच्या मनगटावर काठी बसली.
प्लास्टरवर भरमाणीनं भगवा झेंडा काढला,
पेन निळं होतं, झेंडा निळाच झाला.
रात्री जेवताना आम्ही दोघं
नव्या हवालदाराची मापं काढत बसलो.
त्याचं पोट. त्याची चाल. त्याचं ते "माझा बायको".
आई हसली, काकाही हसला, हात सांभाळत.
आप्पा ताटात बोट फिरवत म्हणाले,
"मापं काढायची तर टेप घेऊन काढावीत."
एवढंच. मग ताक मागितलं.

चार दिवसांनी तोच दुकानात आला,
पेपरात गुंडाळलेलं खाकी कापड घेऊन.
आप्पांनी टेप माझ्या गळ्यात घातली.
"तू घे. भरमाणी, तू लिही."
अकरा वर्षांची मी, स्टुलावर चढले.

माणसाच्या किती जवळ जावं लागतं माप घ्यायला,
मला ठाऊक नव्हतं.
मानेवर न्हाव्याकडून राहून गेलेले चार केस,
कॉलरच्या आत झिजलेली किनार,
कुणीतरी उलटी करून पुन्हा शिवलेली.
छाती मोजताना दोन्ही हात
त्याच्याभोवती न्यावे लागतात, मिठीसारखे,
आणि टेपचं टोक पलीकडून सापडेपर्यंत
तो श्वास धरून उभा असतो. तुमच्यासाठी.

पोट, आम्ही म्हणालो होतो तेवढं नव्हतं.
"कंबर छत्तीस."
"मूवत्तारु," तो पुटपुटला, स्वतःशीच.
भरमाणीनं मान वर न करता लिहिलं,
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून.
आप्पांनी वही ओढली, शेजारी कानडीत तोच आकडा काढला.
त्यांच्यात तीन नि सहा जवळजवळ सारखेच दिसतात,
दोघांचं तोंड एकीकडे,
सहाला फक्त एक शेपूट जास्त.

उजवा खांदा डाव्याहून बोटभर खाली होता.
आप्पांनी कानडीतून काही विचारलं.
तो बराच वेळ बोलला, मधेच
हातानं काहीतरी उचलल्याचं दाखवलं, पाठीवर घेतल्याचं.
आप्पा "हौदु, हौदु" करत राहिले.
तो गेल्यावर आम्ही विचारलं, काय म्हणाला?
"खांद्याचं सांगत होता."
आणि कात्रीला धार आहे का बघू लागले.

भरमाणीच्यानं राहवेना.
"काकाला यानंच मारलं?"
"असेल. नसेलही."
"मग बाही घट्ट शिवा की. हातच उचलायला यायचा नाही."
मशीन थांबली. गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.
आप्पांनी खडू उचलला, ठेवला,
पुन्हा उचलला.
"त्याच हातानं जेवतंय की ते माणूस," म्हणाले
आणि काखेत दीड बोट कापड जास्त सोडलं.

भरमाणी दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.
वहीत नावाच्या जागी त्यानं "पोलीस" लिहिलं होतं.
तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर तो शब्द तसाच होता,
पुढं बारीक अक्षरात, त्याच्याच,
"बसलिंगप्पा, अथणी".
कुणाला विचारलंन, मला आजही माहीत नाही.

आमच्याकडं काजं काका करायचा.
हात गळ्यात, म्हणून त्या शर्टाची आईनं घेतली.
लाईट गेलेली. मेणबत्तीपाशी ती एकेक टाका घालत होती
आणि काका प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून,
वाकून, चिडून सांगत होता:
"जवळ जवळ घाल वहिनी, आणखी जवळ,
खाकी फसकते."