अंगठ्याचं मत

आमच्या गावाच्या डोक्यावर पाटीच्या दगडाचे ढिगारे आहेत.
खाणी मिटल्या, ढिगारे राहिले.
वेल्सच्या या कोपऱ्यात सपाट असं काही नाही,
म्हणून आमचे रिमोटवरचे ट्रक पळत नाहीत,
चढतात.
शेजारच्या मेरेरिदची नेस्ट, वय वर्षं नऊ,
दर शनिवारी येते. माझ्या ट्रकला म्हातारा म्हणते.
मला नाही. निदान तोंडावर नाही.

माझ्याकडे सतरा बॅटऱ्या आणि तीन जातींचे जोड.
सगळ्यात जुने पांढरे, खिटीवर बसणारे.
म्हणजे एकेकाळी पांढरे;
आता चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे.
एक कडेने वितळून स्वतःलाच चिकटलाय.
त्यांना जास्त अँपिअर पचत नाहीत,
पचत नाही तेव्हा बोलत नाहीत, नुसते तापतात.
आमच्या घराण्यात असे बरेच होते.

मग लाल, चपट्या पात्यांचे,
एक पातं उभं, एक आडवं,
उलटं लावायची सोयच नाही.
वीस वर्षं मी याच पक्षाचा.
तार तुटेल पण जोड सुटणार नाही, ही त्याची ख्याती,
आणि नोव्हेंबरात, वरच्या ढिगावर,
हातमोजे काढून मी ओढतोय तर
खरंच सुटेना.
नेस्टने ओढलं. सुटेना.
एक टोक तिने धरलं, एक मी, रस्सीखेच,
आणि खालून एमलिन ओरडला,
"इयोर्वर्थ, बॅटरी काढतोयस की दात?"

तिसऱ्या जातीचा एकच, कुठून आला आठवत नाही.

जलविद्युत केंद्रात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी.
तक्ता वाचता येतो मला:
प्रवाह, रोध, वजन, किंमत.
सांधेदुखीचा रकाना कुठेच नव्हता.

इदवालने दुकानात गल्ल्यावर दोन मांडले.
"निळा घे. एकशेवीस अँपिअर, डोळे मिटून."
आमचा ट्रक बारासुद्धा ओढत नाही, मी म्हटलं,
गोगलगायीला घोड्याचा लगाम कशाला?
मग पिवळा.
एक कड तिरपी, अंगावर रेघा, बोटाला धरायला जागा.
डोळे मी मिटलेच, पण हातमोजे घालून,
आणि लावला, काढला, लावला, काढला,
दहातून आठ वेळा.
नेस्टला दहातून दहा.
मागे रांगेत रंग घ्यायला आलेला माणूस
घड्याळ बघत होता.

रविवारी स्वयंपाकघरात इस्त्री तापवली, कपड्यांची नव्हे, डाग द्यायची.
"दोन्ही तारा एकदम कापू नकोस."
"का?"
कात्री दाखवली तिला. पात्यावर खाच आहे,
भाताच्या दाण्याएवढी, कडा निळसर.
तिने त्यावर नख फिरवलं आणि पुन्हा का विचारलं नाही.

बॅटरीकडे नेहमी झाकलेली बाजू.
ज्याच्यात जोर आहे त्याने उघडं फिरू नये.
"आणि ट्रककडची?"
ती उघडी चालते, तिच्यात स्वतःचं काही नसतं.
नेस्टला हे पटलं नाही. मलाही, बोलून झाल्यावर.

पहिला डाग आरशासारखा बसला.
मग लक्षात आलं,
वरून चढवायची नळी टेबलावरच राहिली.
डाग सोडवला, नळी घातली, पुन्हा दिला.
पाचव्या बॅटरीला परत तेच.
सहावीपासून नेस्ट माझ्या आधी म्हणायची, "नळी!"
आणि तारेवर ओवून मोकळी व्हायची,
फुलं ओवावीत तशी नाही,
शिक्षा भोगावी तशी.

सोळा झाल्या. सतरावी फुगली होती, ती टाकून दिली.

एमलिन अजून लालच वापरतो.
म्हणजे आता त्याची बॅटरी मला नाही, माझी त्याला नाही,
तीस वर्षांची उसनवारी एका पिवळ्या तुकड्याने बंद.
तो काही बोलला नाही.
पुढच्या शनिवारी त्याने खिशातून काहीतरी काढलं:
एका टोकाला लाल, दुसऱ्याला पिवळा,
मध्ये काळ्या चिकटपट्टीचं गाठोडं.
जोडाला जोड लावला की थोडा रोध वाढतो,
मी म्हटलं.
"आपल्यात तो आधीपासून आहे," एमलिन म्हणाला.

नेस्टने दोन्ही टोकं धरून ओढून पाहिलं.
पहिल्याच झटक्याला तुटलं.
एमलिनचा डाग कधीच धड नव्हता.