बोट

सूरच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर झुवैनानं तुझा डावा हात उलगडला,
घडी घातलेली चिठ्ठी उलगडावी तसा,
आणि आम्ही दोघींनी मिळून मोजलं.
चार.
मग पुन्हा, सावकाश.
पाच होती. मधली दोन एकाच कातडीत निजलेली.

मिरजेहून सासूबाईंचा फोन.
ग्रहणात काही चिरलं होतंस का?
आठव नीट. वांगं, सुपारी, काहीही.
मी आठवत बसले.
ग्रहण आठवेना,
पण खजुराच्या बिया काढल्या होत्या किलोभर,
डोकेदुखीची एक गोळी, तीही अर्धी,
आणि एकदा तुझ्या बाबांशी भांडून
भर दुपारच्या उन्हात चालत निघाले होते
पार दीपस्तंभापर्यंत.

झुवैनानं केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं.
आधी हात म्हणजे नुसता कोंब.
मग वल्हं. सपाट, वल्ह्यासारखंच.
बोटं कुणी बाहेरून चिकटवत नाही, म्हणाली,
ती आतच आखलेली असतात.
सातव्या-आठव्या आठवड्यात
मधल्या पेशी आपणहून मरतात
आणि त्या जागी पाणी शिरतं.
हिच्या दोन बोटांमधल्या मेल्या नाहीत,
इतकंच.

मरायला नाही म्हणाल्या!
मला हसू फुटलं, मग दुसरंच काहीतरी.
कुणामुळे, मी विचारलं.
कधी रक्तातून येतं, ती म्हणाली,
कधी एखाद्या औषधातून,
आणि पुष्कळदा आम्हांला माहीत नसतं.
एवढी शिकलेली बाई
"माहीत नाही" म्हणाली
आणि त्या रात्री मला झोप लागली.

चाळीस दिवसांची झालीस तेव्हा खाडीवर नेलं तुला.
तिथं जुमा म्हातारा गलबत बांधतो.
आधी फळ्या, मग बरगड्या;
पोट आधी, हाडं नंतर.
नकाशा नाही. दोरी आणि डोळा.
एका फळीत मोठी गाठ होती, मी दाखवली.
मोडक्या हिंदीत म्हणाला, झाडच तसं होतं,
आणि तेलाचा बोळा
त्या गाठीवरून जरा जास्त वेळ फिरवला.

आमच्या भाषेत ते बोट आणि ती बोट
शब्द एकच, हे त्याला सांगायला गेले.
अरबीत जमेना, हिंदीतही नाही.
तुझा हात दाखवला, मग गलबत,
मग पुन्हा हात.
तो मान डोलवत राहिला, काय कळलं कोण जाणे.
तुझ्या मुठीत त्यानं आपली करंगळी दिली.
तू धरलीस. पाचही बोटांनी.

दीड वर्षाची झालीस की मस्कतला शस्त्रक्रिया.
खूण राहील, झुवैनानं सांगून ठेवलंय.
तोवर नखं काढताना
मी त्या दोघांना एकत्रच धरते.

काल सामान लावताना लग्नाचा अल्बम निघाला.
सप्तपदीच्या फोटोत, कडेला, सासूबाई पाटावर बसलेल्या.
उजव्या पायात जोडवं. डाव्यात नाही.
मोबाईलचा दिवा लावून पाहिलं,
अंगठ्याशेजारची दोन बोटं,
मधे फट नाही.

रात्री त्यांचा फोन आला.
तू दूध ओकलीस का, विचारलं,
तिकडे उकाडा किती, विचारलं.
ग्रहणाचं त्यांनी काढलं नाही.
मीही
पायाचं काढलं नाही.