मातीची आवक

"बेट कसलं," एल्डन बील म्हणतो, "खडक आहे.
भरतीला अर्धा, ओहोटीला आख्खा."
मेनच्या किनाऱ्यावर जूनमध्येही
हात खिशातून काढवत नाहीत.
मी आलेय कठड्याचा गंज खरवडायला,
फुकट, चार शनिवार.

वर आता टिफिनच्या डब्याएवढा दिवा,
उन्हावर चालतो, माणूस लागत नाही.
जुनं भिंग गावातल्या संग्रहालयात नेलंय,
न चिरलेला, आख्खा काचेचा फणस.

खालच्या खोलीत नोंदवहीची नक्कल.
लोक वादळांची पानं उघडतात.
मला दिसली ऑक्टोबर १८७१ मधली ओळ,
अमोस पेटिंगिल, रखवालदार:
वारा ईशान्येचा. वाती दोन बदलल्या. थर्झाची बाग गेली.

बाग. इथे,
जिथे खडकाला घाम फुटतो, पालवी नाही.

वसंतात कोळी माती आणायचे, एल्डन सांगतो,
पिंपं भरभरून. कुणी सफरचंदाखालची,
कुणी चर्चमागची, कुणी गोठ्यातली, वासासकट.
थर्झा ती खाचाखाचांत दाबून भरायची.
वाटाणे, थोडी फुलं,
आणि पिंपातून चुकून आलेला एक बटाटा,
जो उगवला, आणि कुणाला खाववला नाही.
शरदात समुद्र यायचा,
ताट चाटूनपुसून ठेवावं तसा खडक ठेवून जायचा.

त्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ आहे.
समासात तपासनीसाचा शेरा:
खासगी बाबी लिहू नयेत.

मी पुढचा एप्रिल काढला.
तेच बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
आवक. तेल चाळीस गॅलन.
वाती दोन डझन.
माती, सहा पिंपं.

सरकारी सामानाच्या रांगेत
मान खाली घालून उभी.
तिच्यावर रेघ नाही.

पुढल्या वर्षी सात. मग पाच. मग एकदा एकच.
मग अक्षर बदलतं,
आणि नव्या माणसाच्या यादीत तेल, वाती.

निघताना कठड्याखालच्या खाचेत बोट घातलं.
पिसं, शिंपल्यांचा चुरा,
तळाशी काही काळं, ओलसर.
माती असेल. गंजही असेल,
दिवसभर तोच तर खरवडत होते.

"काही सापडलं?" बोटीत एल्डननं विचारलं.
मी म्हटलं, पिंपं केवढी असायची रे?
त्यानं सुकाणूवरचे दोन्ही हात सोडले
आणि हवेत
मिठीएवढा गोल केला.