तेविसावं वळण

छप्पर गळतं, हे स्लाव्काचं म्हणणं खरंच आहे.
वरच्या खोलीत बादली ठेवलीय, तिच्यात पडत राहतं.
खालचं गॅरेज मात्र ठणठणीत कोरडं.
तिथे गाडी असते.

हिरवी. शेवाळासारखी नाही, बाटलीच्या काचेसारखी.
दोन दारं, इंजिन पाठीशी, सहा सिलिंडर,
माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
आईकडून आलेलं शेत विकून आणली.
"शेत विकून लोक लूर्दला जातात," स्लाव्का म्हणाली.
मी म्हटलं, मी तरी कुठे घरी बसणार आहे?

अठ्ठावीस वर्षं येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात
मी क्रेन चालवली. छताला टांगलेली केबिन, दोन दांडे,
खाली साखळीला वितळलेल्या पोलादाचा रांजण,
आणि खालून हाताची एकच खूण:
सावकाश, मिलोय्का, सावकाश.
माणूस चालतो त्याहूनही हळू.
एक हिसका, की खाली कुणाचा तरी नवरा.
अठ्ठावीस वर्षांत मी हिसका दिला नाही.

पहाटे पाचला तिला उठवते.
आधी खोकते, मग घसा खाकरते,
मग विंकोचा कुत्रा मला शिव्या देतो.
लोकांना वाटतं, असल्या गाडीत बसलं की सुटायचं.
छे. तेल तापेपर्यंत मुकाट जायचं,
बेकरीसमोरून, बंद पोस्टासमोरून,
चर्चला उशिरा पोचलेल्या बाईसारखं, चवड्यांवर.

क्रान्स्का गोरा मागे पडतं. तळं. मग झाडी.
मग पहिली पाटी: वळण एक.

आता.

काटा चार हजारांपुढे गेला की आवाज बदलतो.
कानाला नंतर कळतं, आधी मणक्याला,
मग दातांना,
आणि माझ्या तोंडून असं काही निघतं
जे मी मुलांसमोर कधी म्हटलं नसतं.

व्हर्शिचच्या या अंगाला वळणावळणावर फरसबंदी आहे,
जुनी, चौकोनी दगडांची.
ते दगड चाकांतून वर येतात, स्टिअरिंगमध्ये बोलतात,
एकेक, स्पष्ट:
हा ओला, हा धरेल, याच्यावर विसंबू नकोस.
हातांना पूर्वीपासूनच सगळं कळायचं,
फक्त त्यांना कुणी धावू दिलं नव्हतं.

तर, तेविसावं.
तिथे रस्ता आतल्या बाजूला घसरतो,
आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना
चवडा ब्रेकवर, त्याच पावलाची कड गॅसवर,
डावा पाय क्लचवर, हे सगळं एका श्वासात.
दोन वर्षं मला जमलं नाही.
बाविसावं जमतं, चोविसावं जमतं,
तेविसाव्यावर गाडी मान झटकते,
परक्याने हात लावल्यावर घोडी झटकते तशी.

आज जमलं.
कसं, विचारू नका, मी वेगळं काहीच केलं नाही.
गिअर पडला, कुलुपात नेमकी किल्ली फिरावी तसा.
इंजिनाने हुंकार दिला, मागची चाकं दगडांवर बसली,
आणि वळण माझ्याखालून निघून गेलं,
जणू ते कधी वाकडं नव्हतंच.

पाहायला होती एक मेंढी.
रवंथ करत होती. थांबलीसुद्धा नाही.

खिंडीत गाडी उभी केली. हात थरथरत होते.
कारखान्यात कधी थरथरले नाहीत.
स्लाव्काला फोन लावला. सहाला दहा कमी.
"तेविसावं जमलं," मी म्हटलं.
बराच वेळ काही नाही. मग:
"कोण गेलं?"
"कुणी नाही."
"मग छपराचं काय?"

समोरच्या कड्यावर ऊन उतरत होतं.
मागे, झाकणाखाली, तापलेलं लोखंड निवता निवता वाजत होतं,
टिक, टिकटिक, टिक,
बादलीत पडतं तसंच, पण कोरडं.

मग खाली गेले, वळले, पुन्हा चढले.
नाही जमलं.
मेंढीने या वेळी मान वर केली.